प्रेस मशीनचा जबडा आणि आपली बोटं: वाचकांचे प्रश्न, प्लंबरकाकांची उत्तरं

पाऊस लागायच्या आत बाथरूमची कामं उरकायची सगळ्यांनाच घाई, त्यामुळे या वेळची पत्रं जवळजवळ सगळी एकाच वस्तूबद्दल आलीत, बॅटरीवर चालणारं प्रेस मशीन. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ड्रिल मशीनचा मोठा भाऊ समजा, पुढे बिटाच्या जागी कुर्लीच्या डेंग्यासारखा जबडा, तो फिटिंगवर, म्हणजे पाइप जोडायच्या तुकड्यावर बसवायचा, ट्रिगर दाबायचा, पाच-सात सेकंदांत फिटिंग पाइपवर चेपून बसतं. आग नाही, सोल्डर नाही, चिकटवायचं सोल्युशन नाही. साइटवर कोणी याला क्रिम्पिंग म्हणतो कोणी प्रेसिंग, मी प्रेसच म्हणणार.

फोंड्याहून एक प्लंबर विचारतात: काका, माझ्या मेहुण्याने दुबईहून येताना सेकंडहँड कॉर्डलेस प्रेस मशीन आणलंय. दोन बॅटऱ्या आहेत, तीन जबडे आहेत, पेटी आहे, पण पुस्तक नाही. मी आजवर प्लास्टिकचे सीपीव्हीसी पाइप आणि जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी जीआय पाइपच केलेत. व्हिडिओत बघितलं तर एकदम सोपं वाटतं. सुरुवात कुठून करू? बोटाबिटाला धोका आहे का?

आहे. टॉर्च पेटलेली दिसते म्हणून माणूस हात लांब ठेवतो, हॅक्सॉचे दाते दिसतात, या मशीनला बाहेरून धारदार असं काहीच नाही म्हणून पोरं त्याच्याशी खेळण्यासारखी वागतात. आत हायड्रॉलिक पंप असतो, तेलाच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतो, त्याच्या टोकाचे दोन रोलर जबड्याच्या मागच्या दोन पायांमध्ये घुसतात, पाय फाकतात आणि पुढचं तोंड मिटतं. मोठ्या मशीनचा जोर साधारण ३२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वातीन टन, चार छोट्या मोटारींचं वजन एका फिटिंगवर ठेवल्यासारखं झालं. छोटं मशीन असलं तरी १९च्या आसपास, म्हणजे दोन टनांना थोडं कमी. स्टीलचा पाइप चेपतो तिथे करंगळीचं काय घेऊन बसलात.

आधी पुस्तक मिळवा. मशीनच्या अंगावर प्लेट असते, त्यावरचा मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की बहुतेक वेळा पुस्तक फुकट मिळतं, झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्या आणि पेटीतच ठेवा. सगळं वाचायचा कंटाळा आला तरी तीन गोष्टी वाचल्याशिवाय बॅटरी लावू नका. एक, दाब सोडायचं बटण कुठे आहे. दोन, ट्रिगर मध्येच सोडला तर मशीन काय करतं, कारण काही मशीन लगेच थांबतात आणि काही एका टप्प्यानंतर सायकल, म्हणजे दाबायची पूर्ण फेरी, पुरी करूनच थांबतात, तुम्ही ट्रिगर सोडा नाहीतर देवाचा धावा करा. तीन, किती प्रेसनंतर सर्व्हिस. बऱ्याच मशीनवर छोटा दिवा असतो तो सर्व्हिसची वेळ झाली की लागतो, सेकंडहँड मशीनचा तो दिवा आधीच लागलेला असेल तर मेहुण्याला प्रेमाने विचारा, की बाबा रे, किती वापरलंस आणि दिवा कधीपासून पेटलाय.

मग जबडे. उजेडात न्या, मोबाइलची टॉर्च मारा आणि जिथे जबड्याच्या दोन पट्ट्या पिनेला जोडलेल्या असतात तिथे आणि आतल्या गोलाईच्या कडेला केसासारखी बारीक चीर दिसते का बघा. चीर असली तर जबडा बाद, वेल्डिंग मारून वापरायचा नाही, आमच्याकडे वेल्डिंग मारून सगळं चालवायची सवय आहे म्हणून मुद्दाम सांगतो. तडकलेला जबडा जोराखाली फुटला तर तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही, चष्मा त्यासाठीच घालायचा. आतल्या गोलाईत जुनी माती, सिमेंट, तांब्याचा कीस अडकलेला असतो तो ब्रशने काढा, रोलरवर पुस्तकात सांगितलेलं तेल लावा.

आता माझी गोष्ट. माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख आजही वाकडं वाढतं, बघणाऱ्याला वाटतं मशीनने चेपलं, पण त्यात मशीनचा काही संबंध नव्हता. गल्फमधल्या एका साइटवर मी जबडा पाइपवर बसवत होतो, मागचे दोन पाय एका हाताने दाबले की पुढचं तोंड उघडतं ना, तसे दाबले, हाताला घाम होता, पाय निसटले, स्प्रिंगने तोंड फटकन मिटलं आणि दुसऱ्या हाताचं बोट पाइप पुसत होतं ते मध्ये गेलं. नुसती स्प्रिंग हो! मशीन बंद होतं, बॅटरी बाजूला पडली होती. जबडा उघडताना दुसरा हात मागे, ही सवय त्या दिवसापासूनची.

जबडा बदलताना बॅटरी काढायचीच. ट्रिगरला गुडघा लागला, पेटीची कड लागली, एवढंही पुरतं. जबडा आत सरकवला की त्याची पिन पूर्ण आत गेली पाहिजे, पूर्ण म्हणजे पूर्ण, लॉक झाल्याचं कळलं पाहिजे. काही मशीन पिन अर्धवट असेल तर सुरूच होत नाहीत, पण त्या भरवशावर राहू नका, सेन्सर जुना झाला की तोही थापा मारतो.

पहिला प्रेस गिऱ्हाइकाच्या भिंतीत नको. अर्धा मीटर पाइप आणि एक जादा फिटिंग घ्या, घरच्या अंगणात खाली ठेवा आणि दाबायला सुरुवात करून मध्येच सोडायचं बटण वापरून बघा, बोटाला ती जागा न बघता सापडली पाहिजे. ते फिटिंग नंतर टाकून द्या. रिकामा जबडा हवेत चालवून गंमत करू नका, त्याने जबड्यावर आणि पिनेवर उगाच ताण येतो.

आणखी एक, जे व्हिडिओत दिसत नाही. जबडा मिटायला लागला की तो स्वतःला पाइपच्या काटकोनात ओढून घेतो, तुम्ही मशीन तिरकं धरलं असेल तर अख्खं मशीन झटका देऊन सरळ होतं. मोकळ्या जागेत काही होत नाही. पण आपल्याकडची जुनी घरं चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, खाचा अरुंद काढलेल्या, हात मशीन आणि चिऱ्याच्या मध्ये, आणि चिरा म्हणजे खवणीच, बोटांची सालं सोलून निघतात. शिडीवर असलात तर तोच झटका तुम्हाला खाली आणेल, बॅटरी-जबड्यासकट मशीन तीन-चार किलोचं असतं आणि डोक्यावर धरलं की दहाव्या जॉइंटला दहा किलोचं वाटतं. मशीनचं डोकं फिरतं, आधी ते फिरवून घ्या, मग चढा. खाच जबड्याला पुरेल एवढी रुंद आहे का ते पाइप बसवायच्या आधी रिकामा जबडा धरून बघायचं, पाइप बसवल्यावर नाही.

भिंतीत वायरिंग असेल तर मेन बंद. या मशीनला रबराची मूठ आहे म्हणून ते शॉकप्रूफ आहे असा समज काही जणांचा असतो, तसं नाही, जबडा लोखंडी आहे आणि तो मशीनला जोडलेला आहे.

चार्जरबद्दल: दुबईची वीज आणि आपली वीज सारखीच, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, त्यामुळे चार्जर चालेल, फक्त पिना चौकोनी असतात. त्यासाठी चांगला अ‍ॅडॉप्टर घ्या. पिना तोडून वायरी थेट सॉकेटात कोंबून वर काडेपेटीची काडी मारणारे महाभाग मी बघितलेत, त्यातले तुम्ही होऊ नका. कोणाचा चार्जर अमेरिकेतून आला असेल तर लेबल वाचल्याशिवाय लावू नका, तिथे १२० व्होल्ट असतात.

म्हापशाहून एक ठेकेदार: व्हिलाच्या साइटवर हेल्पर फिटिंग धरतो आणि मी दाबतो, जलद होतं. परवा त्याचा हातमोजा जबड्यात आला, बोट वाचलं. जाड मोजे दिले तर चालेल का?

पात्रांव, मोजा जाड केल्याने काय होणार, सव्वातीन टनांपुढे चामडं आणि लोणी सारखंच. उलट जाड, ढिल्या मोज्यात बोटाच्या टोकापुढे अर्धा इंच रिकामं कापड असतं, माणसाला आपलं बोट कुठे संपतं तेच कळत नाही, तुमच्या पोराचं तसंच झालं असणार. पाइप कापताना, कडा साफ करताना हाताला बसणारे मोजे जरूर द्या, स्टीलच्या पाइपची ताजी कड ब्लेडसारखी असते.

खरी चूक दोन माणसांची आहे. ट्रिगर एकाचा आणि बोटं दुसऱ्याची, हे कामच बंद करा. जो दाबतो त्याचे दोन्ही हात मशीनवर, आणि फिटिंग धरायला तिसरा हात लागतोय म्हणजे पाइप नीट टेकवलेला नाही. क्लॅम्प मारा, लाकडाचा तुकडा खाली सरकवा, नाहीतर पोराला फिटिंगपासून हातभर लांब पाइप धरायला सांगा. माझ्या साइटवर नियम होता, दाबणारा तोंडाने "हात?" म्हणणार, दुसरा दोन्ही हात वर करून दाखवणार, मगच ट्रिगर. पोरं हसायची, म्हणायची काका बँक लुटताय काय, पण हात वर करायची.

आणि झालेला प्रकार हसण्यावारी नेऊ नका, त्या दिवशी तो मोजा सापडला म्हणून बोट राहिलं. बोट चेपलंच तर आधी सोडायचं बटण, ओढाताण नाही, मग बाहेरून साधं दिसलं तरी डॉक्टर. आत हाड फुटलेलं असतं आणि वरून नुसतं निळं दिसतं.

पेडण्याहून: या मशीनने सीपीव्हीसी दाबता येईल का? सोल्युशन सुकायचा वेळ वाचेल.

नाही. सीपीव्हीसी तडकतो. त्याला सोल्युशनच. प्रेस तांब्याला, स्टीलला आणि मधे अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेल्या प्लास्टिक पाइपला, तेही त्याच्या त्याच्या फिटिंगने.

कळंगुटहून एका हॉटेलच्या मेंटेनन्समधले गृहस्थ: भाड्याने मशीन आणून २२ एमएमच्या स्टील लाइनचे १४ जॉइंट केले. तीन थेंबथेंब गळतात. परत त्याच जागी दाबू का? आणि किचनच्या गॅसलाइनचे दोन जॉइंट पण याच मशीनने करायचेत.

थांबा, दुसऱ्या प्रश्नाकडे नंतर येतो.

परत दाबण्याआधी जबड्यावर काय कोरलंय ते वाचा. त्यावर साइज असते आणि शेजारी एक-दोन अक्षरं असतात, व्ही, एम, यू, टीएच अशी. ते नक्षीकाम नाही, तो जबड्याच्या आतल्या आकाराचा प्रकार आहे. २२चा व्ही आणि २२चा एम दोन्ही २२च, पण चेपण वेगळी पडते. फिटिंगवाली कंपनी सांगते कुठला जबडा चालेल, दुसरा लावला तर मशीन तक्रार करत नाही, तेवढ्याच जोमाने दाबतं, वरून जॉइंट झकास दिसतो आणि आत ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबराची कडी, अर्धवट बसलेली असते. भाड्याच्या मशीनसोबत जो जबडा पेटीत होता तोच लावला असणार, हो ना?

जबडा बरोबर असेल तर मग खूण बघा. पाइप फिटिंगमध्ये शेवटपर्यंत घालायच्या आधी पाइप किती आत जायला हवा त्याची मार्करने रेघ मारायची असते, दाबल्यानंतर ती रेघ फिटिंगच्या तोंडाशीच दिसली पाहिजे. दाबताना पाइप सरकून पाच-सहा मिलिमीटर बाहेर आला की ओ-रिंग बसते कशावर? रेघच मारली नसेल तर आता कळायला मार्ग नाही. तिसरं कारण आपल्याकडे सर्रास, पाइप ग्राइंडरने कापला, कडेची बर (कापताना राहिलेली धारदार किनार) काढली नाही आणि फिटिंगमध्ये ढकलताना तिने ओ-रिंगला चीर पाडली. पाइप कटरने कापा, आतून-बाहेरून कड साफ करा, मग हलकेच फिरवत घाला. ग्राइंडर घालून वेळ वाचतो असं वाटतं, नाही वाचत, तीन जॉइंटची धावपळ तुम्ही आता करताच आहात.

सायकल मध्येच थांबली असेल, बॅटरी संपली म्हणून, तर पुस्तक सांगतं त्याप्रमाणे तोच जबडा त्याच जागी परत पूर्ण करता येतो. पण पूर्ण दाबलेला जॉइंट गळत असेल तर तो कापून काढा. चेपलेल्यावर चेपून गळती बंद होते कधीकधी, आणि मग गिऱ्हाईक झोपलेलं असताना चालू होते.

तुमच्या बाबतीत अजून एक विचारतो, पाण्यात मिठाचा अंश आहे का? समुद्राजवळच्या बोअरचं पाणी असेल तर ३०४ स्टीलला क्लोराइडने बारीक खड्डे पडतात, ३१६मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ते जास्त टिकतं. गळती जॉइंटला नसून पाइपला असेल तर प्रेस मशीनला दोष देऊ नका.

आता गॅस. नाही, तुम्ही करायचा नाही. मशीन तेच चालतं पण फिटिंग ते नाही. पाण्याच्या फिटिंगमध्ये बहुतेक काळी ईपीडीएम रबराची ओ-रिंग असते, तिला गॅस आणि तेल मानवत नाही, गॅसच्या फिटिंगमध्ये एचएनबीआर रबराची असते आणि ते फिटिंग पिवळ्या खुणेने ओळखू येतं. नळाचं फिटिंग गॅसला लावलं तर पहिल्या दिवशी काहीच होत नाही, हीच भीती. शिवाय हॉटेलच्या किचनची लाइन, गॅसच्या परवान्याचा माणूस बोलवा, टेस्ट त्याला करू द्या.

गच्चीवर सोलर असेल तर तिथेही तोच प्रकार. साध्या ईपीडीएमची मर्यादा साधारण ११० डिग्री, आणि उन्हात पाणी न फिरता पॅनेल तापत राहिलं तर त्याच्या वर जातं. तिथे एफकेएम रबराच्या रिंगचं फिटिंग मागा.

वास्कोहून: पावसात बॅटरी भिजली आणि आता एक बाजू फुगलीय, पण मशीन चालतं. वापरू का?

नका वापरू. चार्जरला तर लावूच नका. फुगलेली लिथियम बॅटरी म्हणजे आत वायू साठलाय, ती खिळ्याने टोचून वायू सोडायचा "उपाय" कोणीतरी सांगेल, तो ऐकू नका, आग लागते. घराबाहेर, पावसापासून आडोशाला, लाकूड-कपडे नसतील अशा जागी ठेवा आणि विकणाऱ्याकडे परत द्या. बॅटरी कचऱ्याचे २०२२चे नियम आहेत, बनवणाऱ्या किंवा आणणाऱ्या कंपनीने जुन्या बॅटऱ्या परत घ्यायच्या असतात. भंगारवाल्याकडे नको, कचऱ्याच्या गाडीत नको.

नव्या बॅटरीची काळजी एवढीच: बंद गाडीत उन्हात ठेवू नका, तापलेली असेल तर गार होऊ द्या मग चार्ज करा, खिशात स्क्रू आणि नाण्यांबरोबर नको, टोकं जुळली तर चटका बसेल. खाऱ्या हवेत टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी येते ती कोरड्या फडक्याने पुसा. चवथीला काम बंद असतं तेव्हा बॅटरी पूर्ण रिकामी करून ठेवू नका, अर्धी-पाऊण भरलेली ठेवा. आणि गल्फवरून आणणाऱ्यांसाठी, सुटी बॅटरी चेक-इनच्या बॅगेत जात नाही, हातातल्या बॅगेत ठेवायची. १८ व्होल्ट ५ अँपिअर-अवर म्हणजे ९० वॉट-अवर, १००च्या आत बसते, मोठी असेल तर एअरलाइनला आधी विचारा.

वाळपईहून एक शिक्षिका: जुन्या घराचं बाथरूम नवं करतोय. प्लंबरने प्रेस जॉइंट केलेत, टाकीचं पाणी सोडून दाखवलं, गळत नाही. उद्या टाइल्स बसणार. काही बघायचं राहिलं का?

बाय, टाइलवाल्याला दोन दिवस थांबवा. गच्चीवरची टाकी बाथरूमच्या नळापेक्षा तीन-चार मीटर उंच असते, १० मीटर उंचीला साधारण एक बारचा दाब मिळतो, म्हणजे तुमच्या लाइनवर ०.३ ते ०.४ बार आला. ती परीक्षा नाही. उद्या तुम्ही प्रेशर पंप बसवला तर तीन-चार बार येईल तेव्हा भिंतीत काय होईल?

प्लंबरला हातपंपाची टेस्ट करायला सांगा, त्याला दाब दाखवणारं गेज असतं. आधी कमी दाब, कारण आजकालची बरीच फिटिंग अशी असतात की दाबायची राहून गेलेली असली तर कमी दाबावर मुद्दाम गळतात. हे फार कामाचं आहे, या मशीनच्या कामात सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे जॉइंट दाबायचाच राहतो, पाइप फिटिंगमध्ये घट्ट बसलेला असतो, दाबल्यासारखाच वाटतो, मध्येच चहा येतो आणि माणूस पुढच्या जॉइंटला जातो. मग जास्त दाब, चालू दाबाच्या दीडपट, आणि गेजचा काटा तासभर हलता कामा नये. टेस्टच्या वेळी तोंड जॉइंटसमोर नको.

तुम्ही स्वतः एक करा. चपातीच्या पिठाचा हात धुऊन भिंतीपाशी जा आणि प्रत्येक जॉइंटवर बोट फिरवा. दाबलेल्या फिटिंगला कड्यासारखी खोलगट चेपण लागते, न दाबलेलं गुळगुळीत. जॉइंट मोजा, प्रत्येकाजवळ मार्करची रेघ दिसते का बघा, आणि शेजारी मीटरपट्टी धरून सगळ्या भिंतींचे फोटो काढून ठेवा, पुढे कधी कोणी टॉवेलचा हुक ठोकायला ड्रिल काढेल तेव्हा ते फोटो लागतील.